लेन्यानोचा योद्धा बघायचा असेल तर सुरुवात मिलानमध्ये करा

मिलानच्या वायव्येला लेन्यानो नावाचं गिरणी-कारखान्यांचं गाव आहे. तिथे रेल्वे स्टेशनपासून जवळच्या चौकात तलवार उंचावलेला एक ब्राँझचा योद्धा उभा आहे. २९ मे ११७६ या दिवशी उत्तर इटलीतल्या शहरांनी पवित्र रोमन साम्राज्याचा जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याला याच भागात हरवलं, त्याचं हे स्मारक. बहुतेक लोक स्टेशनातून थेट पुतळ्यापाशी जातात, दोन फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने परत फिरतात. एवढ्यात हातात काही लागत नाही. कारण पुतळा १९०० सालचा आहे आणि तो बोलतो ते १९०० सालचंच. ११७६ च्या माणसांनी स्वतः कोरून ठेवलेलं जे शिल्लक आहे, ते लेन्यानोत नाही, मिलानमध्ये आहे. म्हणून आधी मिलान, मग लेन्यानो. हा क्रम पाळला तर एका दिवसात दोन्ही होतं आणि पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर काय बघायचं हेही कळतं.

वार निवडताना सोमवार टाळा. मिलानच्या किल्ल्यातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात. निघण्याआधी रेल्वेचा संप आहे का तेही बघून घ्या. इटालियनमध्ये संपाला ‘शोपेरो’ म्हणतात, आणि तो बहुधा आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. तेव्हा संपाच्या दिवशी अडकलात तर संध्याकाळी सहापर्यंत कळ काढायची, टॅक्सीवर पैसे उडवायचे नाहीत.

आधी एवढं डोक्यात ठेवा

भांडण सुरू झालं ते वसुलीवरून. ११५८ मध्ये रोंकालियाच्या सभेत बार्बारोसाने जाहीर केलं की जकात, नाणी पाडणं, कर, अधिकारी नेमणं हे सगळे हक्क सम्राटाचे आहेत. शहरांनी हे हक्क दोन-तीन पिढ्यांपासून आपल्याकडे घेतले होते आणि ते आपापले ‘कॉन्सुल’ निवडून कारभार बघत होते. मिलान सर्वांत मोठं आणि सर्वांत हट्टी. लांबलेल्या वेढ्यानंतर मार्च ११६२ मध्ये ते शरण आलं आणि सम्राटाने शहर पाडायचा हुकूम दिला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे शिल्प वाचताना तीच लागते. मिलान पाडलं ते मुख्यतः शेजारच्या शहरांनी. एकेकाला एकेक पेठ वाटून दिली होती: लोदीकरांना पूर्व दरवाजाची, पावियाकरांना तिचिनो दरवाजाची, कोमोकरांना कोमोच्या दिशेच्या दरवाजाची, क्रेमोनाकरांना रोम दरवाजाची. मिलानने या सगळ्यांना आधी भरपूर छळलं होतं. लोदी तर मिलानने ११११ मध्ये जमीनदोस्त केलं होतं. त्यामुळे पहारी चालवणाऱ्यांचा हात काही जड झाला नसावा. मिलानच्या लोकांना शहराबाहेर चार वस्त्यांत नेऊन बसवलं.

पण सम्राटाचे अधिकारी वसुलीला बसले आणि त्यांनी मित्र-शत्रू न बघता सगळ्यांचीच पिळवणूक केली. पाच वर्षांत शेजाऱ्यांचे डोळे उघडले. ११६७ च्या एप्रिलमध्ये क्रेमोना, ब्रेशिया, बेर्गामो यांनी मिलानशी जुळवून घेतलं आणि २७ एप्रिलला मिलानच्या लोकांना त्यांच्या पडक्या शहरात परत नेऊन पोचवलं. यातून उभी राहिली ती लोम्बार्ड लीग, म्हणजे उत्तर इटलीतल्या शहरांची युती. पावियासारखं शहर मात्र सम्राटाकडेच राहिलं, आणि ११७६ च्या लढाईत कोमोची माणसं त्याच्याच बाजूने होती. म्हणजे ही ‘इटालियन विरुद्ध जर्मन’ लढाई नव्हे. तसं वाचायची सवय नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

आता लढाई. ११७६ च्या मे महिन्यात आल्प्स ओलांडून आलेली नवी जर्मन कुमक घेऊन बार्बारोसा कोमोहून दक्षिणेला पावियाकडे निघाला होता. लीगला त्याची आणि पावियाची गाठ पडू द्यायची नव्हती. बुस्तो आर्सित्सियो आणि लेन्यानोच्या टापूत दोन्ही घोडदळांच्या टेहळणी तुकड्या एकमेकांवर आदळल्या. पाठोपाठ सम्राटाचं मुख्य घोडदळ आलं आणि त्याने लीगचं घोडदळ उधळून लावलं. बरेच स्वार मिलानच्या दिशेने पळाले. मागे राहिलं पायदळ, आणि त्यांच्या मधोमध एक गाडा.

या गाड्याचं नाव ‘कार्रोच्चो’. चार चाकांचा, बैलांनी ओढायचा जड गाडा, त्यावर उंच डोलकाठी, काठीवर क्रूस आणि शहराचं निशाण, खाली वेदी आणि पाद्री. त्यावरच्या घंटेला ‘मार्तिनेल्ला’ म्हणत, असं परंपरा सांगते. आपल्या भाषेत सांगायचं तर जरीपटका, देव्हारा आणि नगारखाना एकाच गाड्यावर. मिलानमध्ये तो आणला आर्चबिशप आरिबेर्तोने, या लढाईच्या जवळपास १४० वर्षं आधी. युद्धात असला बोजड प्रकार कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर त्याच्या बोजडपणातच आहे. घोडा पळू शकतो, बैलगाडा पळू शकत नाही. गाडा सोडून पळणं म्हणजे शहर सोडून पळणं. त्यामुळे विणकर, लोहार, खाटीक असल्या शिकाऊ सैनिकांनाही कुठे उभं राहायचं आणि कुठून हलायचं नाही हे वेगळं शिकवावं लागत नसे. ढाली जोडून, भाले पुढे काढून ते गाड्याभोवती उभे राहिले आणि घोडदळाचे हल्ले परतवत राहिले. तेवढ्यात पळालेलं घोडदळ सावरलं, त्याला ब्रेशियाचे स्वार मिळाले आणि त्यांनी सम्राटाच्या फौजेला बगलेवर गाठलं. सम्राटाचा निशाणदार पडला, सम्राट स्वतः घोड्यावरून खाली आला आणि दिसेनासा झाला. तो मेला अशीच हूल उठली. काही दिवसांनी तो पावियात जिवंत उगवला. मिलानने बोलोन्याला लिहिलेल्या पत्रात लुटीची यादी आहे: सम्राटाची ढाल, निशाण, क्रूस आणि भाला.

शेवट लगेच झाला नाही. ११७७ ला व्हेनिसमध्ये सहा वर्षांचा तह आणि २५ जून ११८३ ला कोन्स्टान्समध्ये कायमचा करार. त्यात शहरांना आपले कॉन्सुल निवडायचा, तटबंदी बांधायचा, लीग टिकवायचा हक्क मिळाला. पण सम्राट वर राहिलाच, निष्ठेची शपथ राहिली, आणि २५ पौंडांच्या वरच्या दाव्यांचं अपील त्याच्याकडे जाणार हेही ठरलं. पूर्ण स्वातंत्र्य हा शब्द इथे बसत नाही. आपल्या गावाचा कारभार आपण करायचा, एवढं मिळालं आणि त्यांना हवं होतं तेही तेवढंच.

सकाळ: स्फोर्झा किल्ल्यातले दगड

मेट्रोच्या एम १ (लाल) मार्गावर काइरोली स्टेशनला उतरा. दुओमो चौकातून हे दुसरं स्टेशन. समोरच कास्तेल्लो स्फोर्झेस्को. संग्रहालय उघडताच आत शिरा. अंगणांत फिरायला तिकीट नाही, संग्रहालयांना आहे. मायकेलअँजेलोची रोंदानिनी पिएता वेगळ्या इमारतीत आहे, आणि गर्दी तिकडे जाते. तुम्हाला जायचंय ते कोर्ते दुकाले या आतल्या अंगणातून, तळमजल्यावरच्या प्राचीन कलेच्या संग्रहालयात. तिथे ‘पोर्ता रोमाना’ची शिल्पं विचारा. हा रोम दरवाजा शहर पुन्हा बांधताना ११७१ मध्ये उभा राहिला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीला पाडला गेला. कोरीव दगड मात्र वाचले.

याचा अर्थ असा की ही शिल्पं लढाईच्या पाच वर्षं आधीची आहेत. ज्यांनी ती कोरून घेतली त्यांना आपण जिंकणार की हरणार हे ठाऊक नव्हतं. इतिहासातला हा अस्सल कागद समजा. बाकी बरंचसं बखर.

बघायची रीत अशी. आधी तीन पावलं मागे उभं राहून नुसती रांग बघा. माणसं चालली आहेत, ती एका दरवाजातून निघतात आणि दुसऱ्यात शिरतात. मग जवळ जाऊन दरवाजांजवळची अक्षरं शोधा. लॅटिनमध्ये यू च्या जागी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे मेदिओलानुम, म्हणजे मिलान, हा शब्द शोधताना शेवटाकडे यू हुडकत बसू नका. क्रेमोना आणि ब्रेशियाची (तिथे ब्रिक्सिया किंवा तत्सम) नावंही सापडतील. निशाण घेऊन पुढे चालणारा साधू फ्रातेर याकोबुस, त्याचंही नाव कोरलेलं आहे. परत येणारे मिलानी आणि त्यांना पोचवायला आलेले शेजारी, असं हे दृश्य आहे, म्हणजे २७ एप्रिल ११६७. आणि आता वरची पेठांची वाटणी आठवा: ज्या क्रेमोनाकरांनी ११६२ मध्ये रोम दरवाजाची पेठ पाडली, तेच नऊ वर्षांनी त्याच दरवाजावर मित्र म्हणून कोरले गेले. हे कळलं की डोकी मोठी, पाय आखूड, हात वेडेवाकडे असलेल्या त्या रांगेसमोरून लवकर हलवत नाही.

कारागिरांपैकी एकाने, आन्सेल्मुसने, स्वतःला ‘दुसरा डेडॅलस’ म्हणवून घेतलंय, म्हणजे ग्रीक पुराणातला तो अजोड कारागीर. काम पाहता आत्मविश्वास दांडगा.

याच संचात पायावर पाय टाकून बसलेली एक आकृती आहे. परंपरेने तिला बार्बारोसा म्हणतात. आणि दुसऱ्या एका दरवाजावरून, पोर्ता तोसावरून आलेली एक बाई आहे: झगा वर केलेला, हातात पातं. लोकांची समजूत अशी की ही सम्राटाच्या बायकोची टर उडवली आहे. खात्री कोणी देऊ शकत नाही, पण शाळेच्या सहली तिथे घुटमळतात खऱ्या.

फोटोला फ्लॅश वापरू नका. तो चालत नाही, आणि वापरला तरी उठाव सपाट होतो. खोलीतला बाजूने येणारा उजेड बघा आणि शिल्पाच्या कडेला उभं राहून तिरपा फोटो घ्या, म्हणजे सावली पडून चेहरे उठतात. या एका दालनाला पाऊण तास द्या. पूर्ण संग्रहालय बघत बसलात तर लेन्यानोला पोचेपर्यंत दुपार टळून जाते.

वाटेत सान सिम्प्लिचानो

किल्ल्यातून लांत्सा मेट्रो स्टेशनच्या बाजूला बाहेर पडा. तिथून चालत काही मिनिटांवर सान सिम्प्लिचानोची बाजिलिका आहे, विटांची, खूप जुनी, चौथ्या शतकात पाया घातलेली. इथे सिसिन्नियो, मार्तिरियो आणि अलेस्सांद्रो या तीन हुतात्म्यांचे अवशेष आहेत आणि त्यांचा सण २९ मे, म्हणजे लढाईचाच दिवस. कथा अशी की लढाई चालू असताना इथून तीन पांढरी कबुतरं उडाली आणि लेन्यानोत कार्रोच्चोच्या काठीवर जाऊन बसली. कथा खरी की खोटी यात वेळ घालवू नका. तारीख लोकांच्या डोक्यात कशी पक्की बसली ते मात्र यातून समजतं: लढाई विसरली तरी सण दरवर्षी येतोच. वीस मिनिटं पुरतात. दुपारी चर्च साधारण बंद असतात, तेव्हा बारा वाजायच्या आत आत असा.

गाडी, आणि नावाची फसगत

लांत्साहून एम २ (हिरवी) घेऊन दुसरं स्टेशन गारिबाल्दी. मिलान सेंत्राले स्टेशनवरून येत असाल तरी हीच एम २ आणि गारिबाल्दी तिथूनही दुसरंच. इथे उपनगरी गाडी एस ५ पकडायची, वारेझेच्या दिशेची. चूक होते ती तीन ठिकाणी.

एक, फलाट. पोर्ता गारिबाल्दीला वर जमिनीवरचे फलाट वेगळे आणि खाली भुयारातले वेगळे. एस गाड्या खालून सुटतात. पाट्यांवर ‘पासान्ते’ हा शब्द दिसेल, त्या बाणामागे जा.

दोन, गाडीचा नंबर. त्याच फलाटावर एस ६ येते, ती नोवाराला जाते. रो या स्टेशनपर्यंत दोन्हींचा मार्ग एकच, पुढे फाटे फुटतात. चुकून एस ६ मध्ये बसलात तर घाबरायचं कारण नाही. रोला उतरा आणि मागून येणारी एस ५ घ्या. बरोबर गाडीत असाल तर रोनंतर वान्झागो, पाराबियागो, कानेग्राते ही स्टेशनं लागतात. कानेग्राते गेलं की उठून दाराशी या, पुढचं लेन्यानो. सगळा प्रवास साधारण ४० मिनिटांचा.

तीन, आणि ही खरी फसगत, नाव. व्हेरोनाजवळ लेन्यागो नावाचं गाव आहे. तिकिटाच्या मशीनवर पहिली चार अक्षरं टाकली की दोन्ही नावं एकाखाली एक येतात. इंग्रजी अक्षरांत आपल्याला हवं ते एल, ई, जी, एन, ए, एन, ओ. शेवटून दुसरं अक्षर एन बघा. तिथे जी असेल तर तुम्ही भलत्याच गावाला निघालात. उच्चार करताना ‘लेग्नानो’ म्हणू नका, जी आणि एन मिळून ‘न्य’ होतो. ‘लेग्नानो’ म्हणून विचारलंत तर समोरचा समजून घेईल, पण घोषणा ऐकताना तुमचं स्टेशन तुम्हालाच कळायचं नाही.

मिलान शहराचं साधं मेट्रो तिकीट लेन्यानोपर्यंत चालत नाही. गावापर्यंतचं तिकीट काढा, कागदी असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्या. नुसतं खिशात ठेवलेलं कोरं तिकीट म्हणजे विनातिकीटच. मालपेन्सा विमानतळावरून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: मालपेन्सा एक्सप्रेस लेन्यानोवरून जात नाही. ती बुस्तो आर्सित्सियोला थांबते, पण तिथल्या नोर्द स्टेशनवर, आणि एस ५ थांबते ती गावातल्या दुसऱ्या स्टेशनवर. नकाशावर दोन्ही नावं सारखी दिसतात. बॅगा ओढत ही अदलाबदल करण्यापेक्षा मिलानला जाऊन परत आलेलं बरं.

पुतळा

चौकाचं नावच पियात्सा मोनुमेंतो. स्टेशनपासून चालत काही मिनिटं. बाजूला फ्रांको तोसी हा टर्बाइन-बॉयलरचा जुना कारखाना आहे. पुतळा आणि कारखाना एकाच वेळी नजरेत घ्या, दोन्ही एकाच काळाची अपत्यं आहेत.

स्मारकाची हकिकत थोडक्यात: १८६१ मध्ये इटली एक देश झाला, १८६२ मध्ये या एकीकरणाचा सेनानी गारिबाल्दी लेन्यानोत आला आणि इथे लढाईचं स्मारक हवं असं सांगून गेला. १८७६ मध्ये, सातशेव्या वर्षी, एजिदियो पोत्सीने केलेला पुतळा बसवला. तो टिकला नाही. मग एन्रिको बुत्तीने आजचा ब्राँझचा योद्धा घडवला, २९ जून १९०० ला त्याचं अनावरण झालं. हाच बुत्ती पुढे मिलानमध्ये संगीतकार व्हेर्दीचा पुतळा करणार होता. आणि व्हेर्दीने या लढाईवर एक ऑपेरा लिहिला होता, तो २७ जानेवारी १८४९ ला रोममध्ये रंगमंचावर आला. देशाच्या राष्ट्रगीताच्या पुढच्या कडव्यांतही लेन्यानोचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाला ही लढाई किती हवी होती ते यावरून दिसतं. एकीकरणाआधी उत्तर इटलीच्या मोठ्या भागावर ऑस्ट्रियाचं राज्य होतं, आणि बार्बारोसाच्या जागी ऑस्ट्रियाचा बादशहा बसवणं सोपं होतं.

आता बघा. आधी चौकाला पूर्ण एक फेरी मारा, रहदारी आहे, रस्ता झेब्रावरूनच ओलांडा. मग समोर थांबून काय आहे यापेक्षा काय नाही ते मोजा. घोडा नाही. इटलीतल्या चौकाचौकांत राजे आणि सेनापती घोड्यावर बसलेले असतात, हा पायावर उभा आहे. बरोबर आहे, दिवस पायदळाने राखला. उजव्या हातात उंचावलेली तलवार, दुसऱ्या हाताला ढाल. हा हल्ल्याचा क्षण नाही, लढाई जिंकल्यावरची आरोळी आहे. पण गाडाही नाही. बैल नाहीत, घंटा नाही, शेजारी उभा माणूस नाही. गाड्याला खेटून, एकमेकांच्या ढालीआड उभ्या राहिलेल्या जमावाने जे केलं ते बुत्तीने एकट्या माणसाच्या अंगात घातलंय. सकाळी पाहिलेली आखूड पायांची रांग इथे आठवा. ११७१ च्या शिल्पात एकही नायक नाही, सगळे चालणारे. १९०० ला नायक लागतो.

म्हणूनच लोकांनी त्याला नावही दिलं: आल्बेर्तो दा जुस्सानो. टॅक्सीवाला, फलकावरची जाहिरात, पर्यटनाची पत्रकं, सगळे हेच सांगतील. पुतळ्याचं अधिकृत नाव मात्र नुसतं ‘लेन्यानोचा योद्धा’. नऊशे तरुणांची ‘मृत्यूची तुकडी’ घेऊन गाडा राखणारा हा आल्बेर्तो लढाईच्या समकालीन साधनांत कुठेही येत नाही. तो पहिल्यांदा दिसतो गाल्व्हानो फियाम्मा या पाद्र्याच्या लिखाणात, दीडशेहून अधिक वर्षांनी. बखरीवर जितका विश्वास ठेवाल तितकाच यावर ठेवा. १९८० च्या दशकात लोम्बार्दियातल्या एका प्रादेशिक पक्षाने हाच योद्धा चिन्ह म्हणून घेतला, त्यामुळे आज काही इटालियनांना पुतळा दिसला की निवडणूक आठवते. गप्पांत हा विषय काढाल तर समोरचा कोणत्या बाजूचा आहे याचा अंदाज घेऊन काढा. सायकलवेड्यांना मात्र तो लेन्यानो सायकलींच्या बिल्ल्यावरून ओळखीचा असतो, तिथे वाद नाही.

फोटोत नेहमी दोन चुका होतात. चौथऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून मोबाईल वर केला की चौथरा प्रचंड आणि डोकं टाचणीएवढं येतं. आणि गडद ब्राँझच्या मागे पांढरं आकाश आलं की पुतळा नुसता काळा डाग होतो. उपाय: रस्त्यापलीकडे जा, झूम वापरा, पडद्यावर पुतळ्याच्या अंगावर बोट ठेवून उजेड वाढवा, आणि तलवारीच्या टोकावर पाव भाग आकाश मोकळं सोडा. टोक कापलेले फोटो ढिगाने निघतात.

गावात अजून काय

सान मान्यो बाजिलिका गावाच्या मधोमध आहे, १५०४ ते १५१३ मध्ये बांधलेली. मुख्य वेदीमागे बेर्नार्दिनो लुइनीचं १५२३ चं मोठं वेदीचित्र आहे, त्यासाठी आत जाच. लढाईशी तिचा संबंध पालियोच्या, म्हणजे गावाच्या घोडेशर्यतीच्या दिवशी येतो.

रणांगण शोधायला निघू नका, शेतं उरलेली नाहीत. एवढं मानलं जातं की गाडा ओलोना नदीच्या काठच्या उंच उतारावर उभा होता, म्हणजे एका बाजूने घोडदळाला चढता येऊ नये. काही जण सान मार्तिनो चर्चजवळची जागा दाखवतात, काही जण शेजारच्या सान जोर्जोकडचा उतार. सान मार्तिनोपर्यंत चालत जा आणि रस्ता नदीकडे कसा उतरतो ते पायांनी बघा. आज तिथे घरं आहेत, पण चढ हा चढच असतो. लोखंड अंगावर घेतलेल्या घोड्याचं काय झालं असेल ते कळतं. नदीतल्या बेटावरचा, मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याचा किल्ला या लढाईचा नाही, तो पुढच्या काळातला. सुतेरमाइस्तर संग्रहालयात परिसरातल्या उत्खननाच्या वस्तू आहेत. लढाईतल्या तलवारी बघायला म्हणून जाल तर निराश व्हाल.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आलात तर

त्या दिवशी पालियो असतो आणि वरचं वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं. गावाच्या आठ पेठा, म्हणजे कोंत्रादा, एकमेकींशी स्पर्धा करतात. घोड्यांची पहिली शर्यत १९३५ ला झाली. सकाळी सान मान्योसमोरच्या चौकात कार्रोच्चोवरच प्रार्थना होते आणि घोडे-स्वारांना आशीर्वाद दिला जातो. बैल जुंपलेला गाडा जवळून बघायचा तर हीच वेळ, दुपारी माणसांच्या भिंतीआडून नुसती डोलकाठी दिसते. म्हणून मिलानहून सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा.

दुपारी मध्ययुगीन वेशातल्या हजारभर माणसांची मिरवणूक निघते. ती रस्त्यावर उभं राहून फुकट दिसते. वळणावर उभे राहा: गाडा वळताना हळू होतो, बैलांना धरणारी माणसं पुढे येतात आणि चाकं किती कुरकुरतात ते ऐकू येतं. शर्यत जोव्हान्नी मारी स्टेडियममध्ये, तिला तिकीट लागतं आणि ते आधीच घेतलेलं बरं. स्वार खोगिराशिवाय बसतात. चार-चार पेठांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकीतले पहिले दोन अंतिम फेरीत. जिंकणाऱ्या पेठेला आरिबेर्तोच्या क्रूसाची प्रतिकृती मिळते आणि ती वर्षभर त्या पेठेच्या चर्चमध्ये राहते. मूळ क्रूस मिलानच्या दुओमो संग्रहालयात आहे.

सुरुवातीच्या दोरीपाशी घोडे रांगेत यायला फार वेळ लागतो, खोट्या सुरुवाती होतात, लोक ओरडतात. हे बिघाड नाहीत, खेळाचाच भाग आहेत. पावसाने मैदान बिघडलं तर शर्यत पुढे ढकलली जाऊ शकते, तेव्हा त्याच रात्रीचं विमान ठेवू नका. कोणत्या पेठेचा रुमाल गळ्यात बांधताय तेही बघा. दुकानात रंग आवडला म्हणून घेतलेला रुमाल बांधून विरोधी पेठेच्या बाकांवर बसलात तर कोणी काही करणार नाही, पण तीन तास टोमणे ऐकावे लागतील. शर्यत संपली की सगळं गाव एकदम स्टेशनकडे वळतं. अर्धा तास उशिरा निघा, एस ५ साधारण दर अर्ध्या तासाला आहे आणि दुसऱ्या गाडीत बसायला जागा मिळते.